दिलेली संध्याकाळ

परिचारिकेने केतकीच्या डोक्याची पट्टी सोडली, तेव्हा यामिनी समोर बसून धाकट्या बहिणीचा चेहरा निरखत होती. ह्याच क्षणासाठी तिने इतके दिवस काढले होते.

प्रयोगशाळेतल्या स्फोटाला केतकीची चूक कारण होती, पण तिने नोंदवहीत गुपचूप यामिनीची सही ठोकली. यामिनीने चार वर्षं तुरुंगात काढली. आई गेल्याचा निरोपही तिला तिथेच, एका संध्याकाळी मिळाला. सुटल्यानंतर खरं उघडकीला आलं. न्यायाधीशांनी विचारलं, "शिक्षा म्हणून गुन्हेगाराला तुमची कोणती आठवण भोगायला द्यायची?" यामिनीने तीच संध्याकाळ दिली. दिलेली आठवण देणाऱ्याकडे उरत नाही, हे तिला बजावलं होतं.

"त्या आठवणीतून सुटले मी," ती तेव्हा म्हणाली होती. "आता तिला जळू दे."

केतकीने डोळे उघडले आणि तिला रडू फुटलं.

"ताई, आई गेल्याचं कळल्यावर तू माझ्यासाठी रडत होतीस? माझी केतकी एकटी पडली, तिला कोण सांभाळेल, असं म्हणत होतीस?"

यामिनीने आठवून पाहिलं. निरोप घेऊन येणारी शिपाईण आठवली, पुढे काहीच नव्हतं. आईसाठी रडल्याचंही आठवेना.

"मला नाही गं आठवत," ती म्हणाली. मग तिने खुर्ची पुढे ओढली. "आईबद्दल काय म्हणाले मी? सांग ना."

केतकी हुंदके देत सांगू लागली, आणि यामिनी परक्या घरचं दुःख ऐकावं तशी ऐकत राहिली.