तीन हंगामांचा टायर

"कुणाला पटायचं नाही, पण केतकीच्या गाडीचा मागचा टायर तिसरा हंगाम बघतोय," मोटारसायकल शर्यतीच्या मातीच्या ट्रॅककडेला हिंदुराव मिस्त्री जमलेल्या मंडळींना म्हणाले. "निम्मा झिजला की फिरवून उलटा बसवायचा. टायरवरच्या रबरी बटणांच्या कडा बोथट झाल्या की तापल्या पात्यानं तासायच्या. गेल्या साली ह्या टायरनं माळावर असा ओरखडा काढला, की तिथनं झरा फुटला. अजून म्हशी पाण्याला जातात."

हशा पिकला. केतकी तेवढी हसली नाही. आठ महिन्यांपूर्वी मोठ्या उडीवर पडून तिचा खांदा मोडला होता, आणि माझाच ब्रेक चुकला असं ती सगळ्यांना सांगत आली होती. त्यानंतर आज ती पहिल्यांदाच गाडीवर बसणार होती. "परत हात चुकला तर, काका?" असं मघापासून दोनदा विचारून झालं होतं.

मिस्त्रींनी तिची नजर टाळली. ब्रेक चुकलाच नव्हता. तासताना त्यांचं पातं खोल गेलं होतं, म्हणून ऐन उडीवर बटणं उखडली. तो टायर त्यांनी गॅरेजमागं पुरला आणि काल तसलाच दुसरा बसवून चिखलानं माखला. आज सांगू म्हणत आठ महिने गेले; तीन हंगामांच्या टायरची गोष्ट तेवढी लांबत गेली.

केतकी गाडीपाशी उकिडवी बसली. तिनं नखानं चिखल खरवडला, तसे कोऱ्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस दिसले.

"काका, हा नवा आहे," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "मग जुन्याला काय झालं होतं?"