झेंडूचा हार

गाझियाबादच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीची व्हिडिओ फीत हणमंतराव स्वतःच जुळवत होते. ऑफिसातल्या स्लाइडच्या सॉफ्टवेअरमध्ये घरच्यांचे फोटो हलते करून ते फितीत जोडीत. दिवंगत वडिलांच्या फोटोवर वरून झेंडूचा हार अलगद उतरे.

वेळ वाचावा म्हणून त्याच स्लाइडची नक्कल करून त्यांनी तीत मुलाचा, लेहला तैनात असलेल्या विश्वजितचा, फोटो बसवला. हार आठवणीने पुसला.

फीत चालवली, तेव्हा हार विश्वजितच्या केसांपर्यंत उतरला आणि थांबला.

स्लाइडवर हार नव्हता. हणमंतरावांनी ती कोऱ्या पानावर पुन्हा रचली. या वेळी हार कपाळापर्यंत आला. तिसऱ्या खेपेस हनुवटीपर्यंत.

"अहो, आता यंत्राशीही वाद? जेवायला चला," सुरुचीताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

हणमंतरावांनी ती स्लाइडच काढून टाकली आणि संगणक बंद केला.

तेवढ्यात सुरुचीताई फोन घेऊन हसत बाहेर आल्या. "विश्वजित आहे. विचारतोय, घरी पूजा आहे का? म्हणे, इथे बर्फात सकाळपासून झेंडूचा वास येतोय, आणि आत्ता मानेवर काहीतरी ओलं टेकलं."