डोळ्यांचा दाखला

“शा, बे,” झेकशेन म्हणाला. “एम, एन, का.”

डाव्या डोळ्यावर त्याचा तळहात होता. पाच मीटरवरच्या भिंतीवर उजेडाचा एक चौकोन आणि त्यात करडे ठिपके, एवढंच त्याला दिसत होतं. तिसरी ओळ त्यानं न अडखळता म्हटली, चौथी जरा रेंगाळून. पाचवीत मुद्दाम एक अक्षर चुकला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला सगळंच बरोबर आलं तर संशय येतो, हा विचार त्यानं घरूनच करून ठेवला होता.

डोळे तपासायचा हा रशियन अक्षरांचा तक्ता त्याला नव्यानं पाठ करावा लागला नव्हता. सैन्यात असताना गाडीचा परवाना काढला तेव्हा हाच होता. पहिली गाडी, मोस्कविच, घेतली त्या वर्षी त्यानं दहावी ओळ वाचली होती, वर गंमत म्हणून उलटीसुद्धा. निवा घेतली तेव्हा आठवी. पुढं रशियनांचं राज्य गेलं, देश बदलला, नोटा बदलल्या, जर्मनीहून आलेली कोणाची तरी जुनी गाडी दारात उभी राहिली, तक्ता मात्र तोच. आताच्या जपानी गाडीच्या वेळी पाचवी, तीही डोळे बारीक करून.

“सहावी म्हणू?”

डॉक्टर मेरिमनं तक्त्यावर दाखवायची काठी अजून उचललीच नव्हती. “बाबा, हात काढा. दोन्ही डोळ्यांनी बघा.”

त्यानं बघितलं.

“तिथं अक्षरं नाहीत, बाबा. रिंगा आहेत. तक्ता बदललाय. रिंग कुठल्या बाजूला तुटलीय तेवढंच सांगायचं असतं.”

“वर,” तो घाईनं म्हणाला. “नाही, खाली.”

“सगळ्यात वरची सांगा. तळहाताएवढी आहे.”

“डावीकडं?”

तिनं पेनाला टोपण लावलं.

झेकशेन स्टूल ओढत तिच्या टेबलाशी आला. “पोरी, तू मुराताली मास्तरांची ना? तुझ्या आईला बाळंतपणाला मीच नेलं होतं. माझ्या निवातून, गुडघाभर बर्फात.”

“माहितीये. आई दर सणाला सांगते. पोटात मीच होते.”

“मग?”

“मग काय, बाबा! मोतीबिंदू असता तर आजच्या आज ऑपरेशनला पाठवलं असतं. तुमचा आतला पडदाच गेलाय. तो परत येत नाही.”

“मला कुठं गावोगाव हिंडायचंय? नारीनचं इस्पितळ, बस्स. घाट चढायचा, उतरायचा. पंचेचाळीस किलोमीटर.” तो टेबलावर वाकला. “माझ्या बुरुलला आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर न्यावं लागतं. एक खेप चुकली की पाय सुजतात, दुसरी चुकली की श्वास लागतो. पोरगा मॉस्कोत. शेजारी एकदा येईल, दोनदा येईल. तिसऱ्यांदा त्याच्या घरी मेंढ्या वितात. माणसं भरेपर्यंत मिनीबस हलत नाही, आणि परतीला हिला बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. एक शिक्का मार. एका वर्षाचा मार. वर्षभरच.”

वर्षभरच का, हे मेरिमनं विचारलं नाही. डायलिसिसवरच्या सत्तरीच्या बाईचं गणित तिलाही येत होतं.

“आज कसे आलात?” तिनं विचारलं.

“गाडीनं.”

“कुणी चालवली?”

त्यानं स्टूल जरा मागं सरकवलं. मग म्हणाला, “आम्ही दोघांनी.”

“म्हणजे?”

“जपानी गाडी आहे. स्टिअरिंग उजवीकडं आणि आपल्या देशात गाड्या चालतातही रस्त्याच्या उजवीकडून. पुढचा ट्रक ओलांडायचा तर मला काय दिसणार, त्याचा ढुंगणाकडला फाळका! समोरचं शेजारच्यालाच दिसतं. बारा वर्षं बुरुलच सांगते, ‘थांब’, ‘जा’. आता बाकीचंही सांगते. मेंढरं आली, वळण आलं, पोर मधे आलं. अगं, लग्न झाल्यापासून तेच करतेय ती! पहिल्यांदाच तिचं ऐकतोय मी.”

तो स्वतःच हसला. मेरिम हसली नाही.

“आणि येताना?” ती म्हणाली. “चार तास मशीनवर काढल्यावर ती जागी असते?”

झेकशेननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिची कड बोटांनी चाचपत राहिला.

“येताना मी हळू येतो,” तो म्हणाला.

खाली गाडीतून बुरुलनं हॉर्न वाजवला. दोनदा, लांब. अकराची वेळ मशीनची. दहा वाजत आले होते. झेकशेन उठला. शिक्का टेबलावरच होता, मेरिमच्या हातापासून वीतभर लांब. त्यानं तिकडं पाहिलं, निदान तोंड तरी तिकडं केलं, आणि दाखल्याचा कोरा कागद तसाच सोडून भिंतीला हात लावत दाराकडं गेला.

“बाबा, चावी द्या! मी कुणालातरी…”

“कुणाला?” तो दारातून म्हणाला. पायऱ्यांवर त्याची पावलं वाजली. मोजल्यासारखी, एकसारखी.

मेरिमनं फोन उचलला आणि खिडकीशी गेली. पोलिसांचा नंबर तिनं काढला, पण दाबला नाही. खाली अंगणात पांढरी गाडी मागं येत होती. डाव्या खिडकीतून एक बारीक हात बाहेर आलेला होता, कोपराच्या आत पांढरी पट्टी चिकटवलेली. हात हवेत डावीकडं झुकला, आणखी डावीकडं, मग पंजा उघडून थांबला. गाडी थांबली. फाटकापाशी एक बाई बाबागाडी ढकलत आडवी चालली होती. ती पूर्ण पलीकडं जाईपर्यंत हात तसाच उघडा राहिला. मग मिटला.