सैल हात

"हात माझ्या हातात सोडून द्या," फिजिओथेरपिस्ट म्हणाली आणि तिनं आपला हात हळूच काढून घेतला. मुलीचा हात तसाच हवेत राहिला, भिंतीला ठोकलेल्या फळीसारखा.

"बघितलंत? सोडलाच नाहीये तुम्ही."

आई समोरच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. निम्म्या गावाच्या पोरांना पियानो शिकवणारी बाई. लेकीलाही तिनंच शिकवलेलं. मनगट हलता कामा नये म्हणून हाताच्या पाठीवर काडेपेटी ठेवायची, ती पडली की धडा पुन्हा पहिल्यापासून. पोर रडकुंडीला आली तर म्हणायची, "दुखू दे, बोटं तयार होतायत." कसली शिस्त नि कसलं काय! आता लेकीला चहाचा कप धरवत नव्हता. पुन्हा वाजवता येईल का, हे डॉक्टरही सांगेनात.

"खांद्यापासून असं आवळून वाजवायला शिकवलं कुणी?"

आईनं मांडीवरची पर्स घट्ट धरली.

"कुणी नाही हो," मुलगी पटकन म्हणाली. "माझंच खूळ. आई तर ओरडायची."

'मी' एवढंच म्हणायचं होतं. पण आईची जीभ काही उचलेना. लेकीच्या आडोशाला लपून बसली ती, आणि तिला स्वतःची लाज लाज वाटली.

फिजिओथेरपिस्ट कोपर धरून हात हलकेच झुलवत राहिली. "सगळा भार बोटांवर कशाला? दंडाचं वजन आहे ना, ते वापरा. श्वास सोडा. हं, असं." हळूहळू हात जड झाला आणि एकदम धप्पकन मांडीवर पडला. मुलगी खळखळून हसली. किती दिवसांनी!

"जमलं की! आता घरी रोज कुणीतरी हे करून द्यायला हवं. काकू आहेतच. या काकू, धरून बघा."

आई उठली. घामेजलेला तळवा तिनं रुमालाला पुसला आणि लेकीचा हात अलगद, अगदी अलगद उचलला.

तत्क्षणी दंड ताठला. मनगटाचं लाकूड झालं. पाची बोटं आपोआप वाकून एका ओळीत उभी राहिली.

"सोड गं, बाळा," आई म्हणाली.

"सोडलाय की, आई."