रविवारचा डोंगर

"आले, आले!" प्रीतम ओरडला, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीन महिन्यांचे आकडे भराभर उतरू लागले.

सकाळपासून नवराबायको त्या ग्लुकोमीटरशी झुंजत होते. कॉम्प्युटर त्याला ओळखच देईना. प्रीतम विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचा, पण लावलेली वायर मोबाईलच्या चार्जरची आहे, तिच्यातून नुसता करंट जातो, आकडे जात नाहीत, हे त्याच्या ध्यानात यायला तास गेला.

"कॉलेजात पोरांना हेच शिकवून राहिलात वाटतं," तनुजा म्हणाली. तो शेजारून दुसरी वायर घेऊन आला.

आठ वर्षांच्या लेकीची, विशूची, शुगर दाखवायला दर महिन्याला नांदेडहून लातूर गाठावं लागे. आता घरूनच आकडे पाठवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दर महिन्याची खेप वाचणार म्हणून दोघंही खुशीत होते.

तनुजानं एकही आकडा कधी चुकवला नव्हता. सगळे वहीत लिहिलेले. पण वहीत आकडे नुसते एकाखाली एक बसतात. इथं ते वारांप्रमाणे लागले. सोमवार ते शनिवार रेघ शहाण्या मुलीसारखी सरळ चाललेली. रविवार आला की दुपारी बारा वाजता डोंगर. तीनशे अठरा. दोनशे नव्वद. तीनशे बेचाळीस. आणि डोंगराला लागूनच खड्डा. शुगर चढली म्हणून तनुजा इन्सुलिन दोन युनिट जादा द्यायची, अन् चार वाजता लेकरू घामाघूम, हात थरथरतायत, शुगर पन्नासवर. मग ग्लुकोज पाजायची धावपळ. हे असं का होतं, ते तिला आजवर उमगलं नव्हतं.

"रविवारी बारा वाजता ती कुठून येती?" प्रीतमनं विचारलं.

"विहारातून."

गल्लीच्या टोकाला बुद्धविहार. रविवारी लेकरांची वंदना, मग सगळ्यांना गोड. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

तनुजाला शुगरपेक्षाही दुसरीच गोष्ट खुपली. दर रविवारी ती विचारायची, "काही खाल्लंस का?" विशू म्हणायची, "न्हाई." बारा रविवार झाले. बारा वेळा न्हाई. आठव्या वर्षी एवढं सफाईनं खोटं बोलणारी पोर उद्या शाळेत, परवा हॉस्टेलवर काय करेल? तिच्या मागं कुठं कुठं फिरायचं?

तेवढ्यात फाटक वाजलं. आजही रविवारच होता. पांढऱ्या फ्रॉकातली विशू उड्या मारत आली. तनुजानं नेहमीसारखं तिला दारातच धरलं, बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला.

तीनशे सत्तावीस.

"विशू, खरं सांग. काय खाल्लंस?"

"काहीच न्हाई, मम्मी."

"मग मीटर खोटं बोलतंय?"

विशू वाकून चपलेचा पट्टा सोडायला लागली.

"पुढच्या रविवारपासून विहार बंद," तनुजा म्हणाली आणि इन्सुलिनच्या डब्याकडं वळली.

"काय गं तनुजा, लेकराला कामून रागावून राहिली?" विहाराचं सगळं बघणाऱ्या भामाआजी फाटकातून आत येत होत्या. काखेत रिकामी परात.

"आजी, राग मानू नका. ही तिथं गोड खाते आणि घरी लपवते. मी आता नाही पाठवणार."

"खाती? ही?" भामाआजींना असं हसू फुटलं की त्या पायरीवरच टेकल्या. "अगं, ही वाटती! दर रविवारी समद्या लेकरांना बुंदी हीच वाटती, मुठीमुठीनं. येक दाणा तोंडात टाकील तर शपथ!"

तनुजा विशूकडं वळली. "मग सांगितलं का नाहीस गं?"

"तू बुंदीला हात बी लावू दिला नसता," विशू पुटपुटली.

तनुजानं तिचा तळवा उजेडाकडं धरला. बोटं पाकानं चकाकत होती. शाळेतून आल्यावर विशू हातपाय धुवायची, मगच बोट टोचलं जायचं. रविवारी मात्र काळजीच्या घाईत तनुजा चप्पलसुद्धा काढू देत नव्हती.

तिनं लेकीला बेसिनकडं नेलं. साबणानं दोनदा हात धुतले, पुसले, दुसरं बोट टोचलं. पाच सेकंद. प्रीतम मान लांब करून बघत होता.

"एकशे अठरा!" तो ओरडला. "बाप रे, आपण बुंदीची शुगर मोजून राहिलो होतो!"

तनुजानं पडद्यावरच्या रेघेकडं पाहिलं. थेंबात साखर बुंदीची आणि इन्सुलिन मात्र लेकराला. डोंगर खोटे होते. खड्डे खरे होते, आणि ते तिनंच आपल्या हातानं खणले होते. डबा तिनं लांब सारला. रविवारच्या आकड्यांचं सगळं खरंखरं डॉक्टरीणबाईंना कळवा, असं प्रीतमला सांगितलं आणि विशूला जवळ ओढलं.

"चुकलं माझं, बेटा."

"मग पुढच्या रविवारी जाऊ?" विशूनं लगेच साधून घेतलं.

"जा. पण आल्या आल्या आधी हात धू."

भामाआजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. तनुजाला राहवेना. "पण आजी, एवढी मोठी मोठी पोरं असताना परात हिच्याच हातात कामून दिली?"

"मोठ्यांच्याच हातात द्यायचो की आधी," आजी म्हणाल्या. "ही वाटाय लागल्यापासून मागच्या रांगेतल्या लेकरांनाबी बुंदी मिळून राहिली."