फिरता संसार

सेहेचाळीस साली, ब्रह्मदेशातली लढाई करून आलेल्या हंबीररावानं लष्कराची जुनी लॉरी लिलावात घेतली आणि तिच्यात खाट, चूल, पाण्याचं पिंप असा सगळा संसार मांडला. औंधच्या जत्रेला निघालेली ती लॉरी मलकापुरात चुलतभावाच्या मळ्यात थांबली. भावाची बायको मनुबाई ती बघून मनातून जळली. तिचा जन्म चूल, गोठा आणि परसातच चालला होता.

हंबीररावाची बायको, तिची धाकटी जाऊ राहीबाई मात्र सहज सांगत होती, "उतारावर मुक्काम करायचा न्हाई, आक्का. चाकाला धोंडा लावायचा. निघताना भांडी दोरीनं बांधायची."

"लय हौशी गं तुझा नवरा," मनुबाई फणकाऱ्यानं म्हणाली.

"हौस कसली? लढाईवरनं आल्यापास्नं भिंतीच्या आत त्येंचा जीव घुसमटतोय. चार दिवस कुठं टेकलो, की गाडी चालू करत्यात."

राहीबाईनं कनवटीला बांधलेल्या चार बिया काढून मनुबाईच्या हातावर ठेवल्या.


"भोपळ्याच्या हायत. तुमच्या परसात लावा, आक्का. वेल वर येईस्तवर आमी कुठंच ऱ्हात न्हाई."