पुलावरचा पातळ बर्फ

माझी बायको यान्शे हिवाळ्यात मोपेड सावकाश चालवायची. म्हाताऱ्यांना इंजेक्शनं द्यायला ती रोज सकाळी निघायची. कालव्यावरचा पूल आला की वेग आधीच कमी करून, ब्रेकला हात न लावता तो ओलांडायची. त्या दिवशी ओल्या रस्त्यावर बर्फाचा पातळ थर जमला होता. मी दारातून ओरडलो, "अगं, कालव्यातली बदकंसुद्धा तुझ्यापुढे जातील!" शेजारचा वीबे खदखदून हसला. यान्शेचा चेहरा पडला. तिने वेग वाढवला. पुलावर समोरून सायकल आली, तिने करकचून ब्रेक दाबला आणि चाक सटकलं. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "गुडघा पूर्ववत होणार नाही. अशा रस्त्यावर इतक्या जोरात का गेलात?" माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "माझंच चुकलं. घाई केली." खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण नुसती मान डोलावली.